अणूची घरे आणि बंगळूरचे पाहुणे

बंगळूरला बदली होऊन आलेल्या मराठी माणसास या शहराशी आपले नाते सांगावयाचे झाले, की तो बहुधा शहाजीराजांपासून सुरुवात करतो. ते योग्यच आहे. १६३८ मध्ये केंपेगौडाच्या वंशजाकडून हे ठाणे विजापूरकरांच्या हाती गेले, पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि मराठी बोली येथे कायमची वस्तीला राहिली. परंतु मल्लेश्वरम् ओलांडून यशवंतपूरच्या वाटेस लागल्यावर मनोऱ्याची जी भव्य दगडी इमारत दिसते, जिला शहरातले जुने लोक अजूनही 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात, त्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातही एक इतिहास दडलेला आहे. तो जहागिरीचा नव्हे, अणूचा आहे; आणि आपल्यासारख्या नेमणुका, मंजूर पदे व निवासस्थाने यांच्या हिशेबात आयुष्य घालविणाऱ्यांस तो विशेष जवळचा वाटावा असा आहे.

अणूच्या केंद्राभोवती जे इलेक्ट्रॉन असतात ते कोणत्या क्रमाने आणि किती संख्येने आपापल्या जागा घेतात, हा विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागातील एक मोठा प्रश्न होता. सोने पिवळे का, मिठाचे स्फटिक चौकोनी का, सोडियम पाण्यात पडताच पेट का घेतो आणि निऑन कशाशीच का बोलत नाही, या साऱ्यांची उत्तरे त्या भरतीच्या क्रमात आहेत. या प्रश्नाच्या इतिहासाची दोन टोके ज्यांच्या हाती होती अशी दोन माणसे या आवारात राहून गेली. एक १९०६ साली आला, दुसरा १९३५ साली. दोघांपैकी कोणीही आपले ते काम येथे केलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो. संस्थांच्या स्मरणिका लिहिणारे अशा ठिकाणी हात थोडा सैल सोडतात. तो मोह टाळलेला बरा.

पहिल्या माणसाकडे जाण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे. हवेतून प्राणवायू वगैरे काढून टाकल्यावर जो नत्रवायू उरतो, तो रसायनांपासून तयार केलेल्या नत्रवायूहून किंचित जड भरतो, असे लॉर्ड रॅले यांच्या ध्यानात आले. एका लिटरमागे एक १.२५७ ग्रॅम, दुसरा १.२५१. हजारात पाचसहाचा हा फरक एखाद्याने वजनाची चूक म्हणून सोडून दिला असता. रॅले यांनी तो सोडला नाही, आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील विल्यम रॅम्से त्यांच्या मदतीस आले. १८९४ मध्ये त्या फरकाच्या मुळाशी असलेला नवा वायू सापडला. तो कशाशीही संयोग पावेना, म्हणून ग्रीक भाषेतील 'आळशी' या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव आर्गॉन ठेवले गेले. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात शेकडा जवळजवळ एक भाग हा आळशी वायू असतो, आणि तोपर्यंत त्याचा कोणास पत्ता नव्हता! पुढल्याच वर्षी रॅम्से यांस एका युरेनियमयुक्त खनिजातून हेलियम मिळाला.

हेलियमचे नाव निघाले की आपल्या कोकणचा माणूस विजयदुर्गाची आठवण काढतो, आणि तेथे एक गोंधळ नेहमी होतो. १८६८च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला असे अनेकदा सांगितले जाते. वस्तुतः १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर हिंदुस्थानात नव्हतेच. त्या दिवशी फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते. आपल्या पटवर्धनांच्या जमखंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण रोखून बसले होते. लॉकियर यांनी सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला तो इंग्लंडमध्ये, ग्रहणाविना, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. आणि त्यातील पिवळी रेषा पृथ्वीवर अज्ञात अशा द्रव्याची असावी हे अनुमान त्यांचे. ते विजयदुर्गास आले हे मात्र खरे, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे नेगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला गेले होते. विजयदुर्गाचा मान यामुळे कमी होत नाही. तो फक्त आपल्या खऱ्या तारखेस जाऊन बसतो.

हे १८९८ साल आमच्या कथेतही महत्त्वाचे आहे. आर्गॉन आणि हेलियम यांस मेंडेलेयेव्हच्या आवर्तसारणीत जागा नव्हती. १८६९ मध्ये त्याने मूलद्रव्ये अणुभाराच्या क्रमाने लावली तेव्हा ठरावीक अंतराने गुणधर्म पुन्हा येतात असे दिसले होते. पण या दोन आळशांसाठी त्यात रकानाच नव्हता. रॅम्से यांनी धाडसाने म्हटले की रकानाच नवा असला पाहिजे, आणि असला तर त्यात आणखी भावंडे असली पाहिजेत. ती शोधावयास त्यांनी जो तरुण सहकारी घेतला त्याचे नाव मॉरिस ट्रॅव्हर्स. वय सव्वीस. त्या सुमारास द्रवरूप हवा नुकतीच हाताशी येऊ लागली होती. तिला हळूहळू उकळू देऊन मागे राहिलेला गाळ तपासावा, अशी युक्ती. मे १८९८च्या अखेरीस त्या गाळात पिवळ्या व हिरव्या रंगाच्या अनोळखी रेषा दिसल्या. हा क्रिप्टॉन, म्हणजे 'लपलेला'. जूनमध्ये आर्गॉनच्या हलक्या भागातून दुसरा निघाला. काचेच्या नळीत वीज सोडताच ती नळी किरमिजी ज्वालेसारखी पेटली. वर्णपटाचे यंत्र डोळ्यास लावण्याचीही गरज उरली नाही. रॅम्से यांच्या लहान मुलाने त्याला लॅटिनमधील 'नवा' हे नाव सुचविले. बापाने ते ग्रीकमध्ये फिरवून निऑन केले. जुलैत तिसरा आला, झेनॉन, 'परका'. हवेच्या दहा लाख भागांत निऑन सुमारे अठरा, क्रिप्टॉन जेमतेम एक आणि झेनॉन एका भागाचा दहावा हिस्सादेखील नाही. सहा आठवड्यांत तीन मूलद्रव्ये!

त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, मुंबईत जमशेटजी टाटांच्या विद्यापीठ-योजनेचे मंडळ नव्या व्हाइसरॉयला, लॉर्ड कर्झनला, भेटले. कर्झनचा प्रतिसाद थंडच होता. तथापि योजना पारखण्यासाठी कोणा नामांकित शास्त्रज्ञास बोलवावे असे ठरले, आणि निवड झाली रॅम्से यांची. १९००च्या अखेरीस ते हिंदुस्थानात आले, काही आठवडे निरनिराळी शहरे पाहिली आणि बंगळूरची शिफारस करून गेले. येथील हवा हे एक कारण. म्हैसूर दरबारचा उदार हात हे दुसरे आणि बहुधा अधिक वजनाचे. रूरकीचे क्लिबॉर्न व मेलबर्नचे मॅसन या दुसऱ्या समितीनेही बंगळूरच धरले. म्हैसूरने ३७१ एकर जमीन दिली. खर्चासाठी उत्पन्न टाटांच्या मुंबईतील मालमत्तेचे. जमशेटजी मात्र १९०४ मध्येच निवर्तले. संस्थेची स्थापना करणारा सरकारी आदेश निघावयास १९०९चा मे उजाडला. मुंबईतल्या भाड्यावर बंगळूरात प्रयोगशाळा चालावी, ही तेव्हाची व्यवस्था आपल्याकडील हिशेबनिसांस आजही विचारात पाडील.

पहिला संचालक म्हणून रॅम्से यांनी ज्याचे नाव पुढे केले तो ट्रॅव्हर्सच. १९०६ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तो येथे आला. ज्याने निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन प्रथम पाहिले त्या हातांनी पुढील आठ वर्षे नकाशे, इमारती, निविदा आणि नेमणुका यांच्या फायली हाताळल्या. १९११ मध्ये पहिले विद्यार्थी दाखल झाले. कारभारावरून कटकटी झाल्या, आणि १९१४ मध्ये तो परत गेला. या वर्षांत त्याच्या हातून अणूविषयी काही नवे निघाले नाही. पण नेमक्या याच वर्षांत इकडे युरोपात त्याच्या तीन वायूंचे भाग्य फळास येत होते.

ते कसे, हे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. १९११ मध्ये रदरफर्ड यांनी दाखविले की अणूचे जवळजवळ सारे वस्तुमान एका इवल्याशा केंद्रात असते. १९१३ मध्ये नील्स बोर यांनी त्या केंद्राभोवती इलेक्ट्रॉनांस ठरावीक कक्षाच मोकळ्या आहेत असे मांडले. मोसली या तरुणाने १९१३-१४ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रत्येक मूलद्रव्याचा खरा अनुक्रमांक लावून दिला आणि पुढच्याच वर्षी गॅलिपोलीच्या रणात, सत्ताविसाव्या वर्षी, तो गोळीस बळी पडला. आता सारणी अणुभाराची न राहता क्रमांकाची झाली, आणि हा क्रमांक म्हणजेच अणूतील इलेक्ट्रॉनांची संख्या. मग आळशी वायूंचे क्रमांक पाहा. हेलियम २, निऑन १०, आर्गॉन १८, क्रिप्टॉन ३६, झेनॉन ५४, आणि त्यांच्या घराण्यातला किरणोत्सारी रेडॉन ८६. यांतील अंतरे ८, ८, १८, १८, ३२. रॅम्से आणि ट्रॅव्हर्स यांच्या नळ्या नसत्या तर हे अंक कोणास दिसले नसते. सारणीच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी पूर्णविराम कोठे द्यावयाचा, हे त्यांनी दाखविले होते.

१९१६ मध्ये जर्मनीत कोसेल यांनी आणि अमेरिकेत लुईस यांनी या पूर्णविरामाचा अर्थ लावला. निष्क्रिय वायूचे घर भरलेले असते. त्यास द्यावयाचे नाही, घ्यावयाचे नाही. सोडियमचा क्रमांक ११, म्हणजे निऑनच्या भरलेल्या घराबाहेर ओसरीवर एक इलेक्ट्रॉन जास्त. क्लोरीनचा १७, म्हणजे आर्गॉनच्या भरल्या घरास एक कमी. ओसरीवरचा पाहुणा तिकडे गेला की दोघांचेही घर पूर्ण होते, आणि आपल्या ताटात मीठ येते. आमच्याकडे इलेक्ट्रॉनास 'विजाणू' असा सुटसुटीत शब्द आहे, आणि या घरांना 'कवच' म्हणतात. पहिला शब्द मागे पडला, दुसरा टिकला. मीही तसेच वापरतो.

येथे दुसऱ्या पाहुण्याचा प्रवेश होतो. मॅक्स बॉर्न पहिल्या महायुद्धात बर्लिनमधील तोफखान्याच्या एका परीक्षण-कचेरीत होते. शत्रूच्या तोफांच्या आवाजावरून त्यांची जागा हुडकणे हे त्यांचे काम. त्याच कचेरीत आल्फ्रेड लांडे आणि एर्विन माडेलुंग हेही होते. कचेरीच्या वेळातून वेळ चोरून बॉर्न आणि लांडे मिठासारख्या स्फटिकांची गणिते करीत, ही गोष्ट वाचकांपैकी काहींना ओळखीची वाटेल. बोर यांच्या त्या वेळच्या कल्पनेप्रमाणे अणूतील इलेक्ट्रॉन एका पातळीत, चपट्या कड्यांत फिरत. असे चपटे अणू एकमेकांशेजारी रचले तर स्फटिक दाबास किती दाद देईल, हे दोघांनी १९१८ मध्ये काढले. उत्तर सपशेल चुकले. गणितातला स्फटिक खऱ्या स्फटिकापेक्षा फारच मऊ निघाला. अणूंमधील प्रतिसारण अंतराच्या पाचव्या घातांकाने बदलते असे चपटी कडी सांगत होती. खरे स्फटिक सुमारे नववा घातांक मागत होते. निष्कर्ष एकच होता. अणू चपटा नाही, त्यास तिन्ही बाजूंनी आकार आहे. इलेक्ट्रॉनांच्या वस्तीला नुसते कडे पुरणार नाही, घरच पाहिजे. मला हा इतिहासातला फार सुंदर क्षण वाटतो, कारण येथे अणूच्या आतली गोष्ट मिठाच्या खड्याला दाबून कळली.

१९२१ मध्ये बॉर्न गटिंगेनला प्राध्यापक झाले, आणि फ्रँकफुर्टमध्ये त्यांनी सोडलेल्या आसनावर त्यांचे युद्धकालीन सहकारी माडेलुंग बसले. बॉर्न यांचा गटिंगेनमधील पहिला साहाय्यक वोल्फगांग पाउली. बुद्धीने अलौकिक, पण सकाळी उठण्याच्या बाबतीत अगदी नादार. व्याख्यानास तो वेळेवर हजर व्हावा म्हणून बॉर्न मोलकरणीस पाठवून त्याला उठवीत. जून १९२२ मध्ये बोर गटिंगेनला आले आणि त्यांनी सात व्याख्याने दिली. हायड्रोजनपासून निघून एकेक इलेक्ट्रॉन वाढवीत साऱ्या सारणीतले अणू मनाने कसे उभारावयाचे, हाच त्यांचा विषय. श्रोत्यांत पाउली होता, आणि विसाव्या वर्षीच आक्षेप घेण्यास उठलेला हायझेनबर्गही. याच उभारणीवरून बोर यांनी सांगितले की तोवर न सापडलेले ७२ क्रमांकाचे द्रव्य दुर्मीळ मृदांच्या कुळातले असणार नाही, ते झिर्कोनियमचे भाऊबंद असेल. आणि डिसेंबर १९२२ मध्ये ते बोर यांना नोबेल पारितोषिक मिळत असतानाच कोपनहेगनमध्ये झिर्कोनियमच्या खनिजात सापडलेही. त्याला हाफ्नियम म्हणतात.

परंतु प्रत्येक घरात इतकेच इलेक्ट्रॉन का, याचे उत्तर बोर यांच्याकडे नव्हते. १९२४ मध्ये इंग्लंडमधील एडमंड स्टोनर याने घरांच्या आतल्या खोल्यांची वाटणी नीट लावून दिली. आणि तिचा आधार घेऊन १९२५ मध्ये, तोवर हँबर्गला गेलेल्या पाउलीने नियम सांगितला. प्रत्येक इलेक्ट्रॉनाची जागा चार अंकांनी ठरते, आणि एका अणूत चारही अंक सारखे असलेले दोन इलेक्ट्रॉन असू शकत नाहीत. सरकारी नोकरास हे दोन वाक्यांत कळते. एका मंजूर पदावर एकच नेमणूक. पदे भरली की पुढच्या उमेदवाराने वरच्या कवचात जावे. या चौथ्या अंकाला दोनच किमती असतात. पुढे त्याच वर्षी उलेनबेक व गाउडस्मिट यांनी त्यास इलेक्ट्रॉनाच्या स्वतःभोवतीच्या परिवलनाचा अर्थ दिला. हिशेब केला की पहिल्या कवचात २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८, चौथ्यात ३२ पदे निघतात. कवचांच्या आत उपकवचे असतात. त्यांची नावे एस, पी, डी, एफ, आणि पदे अनुक्रमे २, ६, १०, १४.

त्याच १९२५ मध्ये बॉर्न यांच्याच दुसऱ्या साहाय्यकाने, फ्रीडरिश हुंड याने, एका उपकवचात इलेक्ट्रॉन कसे शिरतात ते सांगितले. विश्रामगृहात उतरलेल्या अधिकाऱ्यांची रीत डोळ्यांपुढे आणावी. जोवर मोकळी खोली आहे तोवर प्रत्येक जण स्वतंत्र खोली घेतो; खोल्या संपल्यावरच दुसऱ्याच्या सोबतीस तयार होतो. इलेक्ट्रॉनही तसेच, आणि एकएकटे असताना सर्वांचे परिवलन एकाच दिशेचे. लोखंडाच्या अंगच्या चुंबकत्वाचे मूळ या एकट्या राहणाऱ्यांत आहे.

एक कोडे उरले होते. तिसऱ्या कवचात १८ पदे असताना आर्गॉन त्यातली आठच भरून पूर्ण कसा होतो? पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचाच्या डी-खोल्या रिकाम्या टाकून चौथ्या कवचाच्या एस-खोलीत का जातो? कारण असे की मजल्याचा क्रमांक हेच सर्वस्व नव्हे. चौथ्या कवचाची एस-खोली बाहेरची असली, तरी तीतला इलेक्ट्रॉन अधूनमधून केंद्राच्या अगदी जवळ जाऊन येतो आणि त्यामुळे त्याची ऊर्जा खाली उतरते. डी-खोलीतला कायम दूरच घुटमळतो. पोटॅशियम आणि कॅल्शियम यांनी ती एस-खोली भरली, की स्कँडियमपासून जस्तापर्यंतची दहा द्रव्ये मागे राहिलेल्या दहा डी-पदांवर रुजू होतात. म्हणूनच अंतर ८ वरून १८ वर जाते. यातही क्रोमियम आणि तांबे नियम मोडतात. एस-खोलीतला एक इलेक्ट्रॉन डीकडे वळवून ते आपले डी-उपकवच अर्धे किंवा पुरते भरून घेतात. आणि लोखंडासारख्या अणूतून इलेक्ट्रॉन काढू लागावे तर आधी येऊन बसलेले एस-इलेक्ट्रॉनच प्रथम बाहेर पडतात. सेवाज्येष्ठतेचा आपला नियम अणूस मान्य नाही.

हा सारा क्रम एका ओळीत बसविणारा नियम माडेलुंग यांच्या नावाने ओळखला जातो. कवचाचा अंक आणि उपकवचाचा अंक (एससाठी ०, पीसाठी १, डीसाठी २, एफसाठी ३) यांची बेरीज करावी. जेथे बेरीज लहान ते आधी भरते, आणि बेरीज सारखी असेल तर ज्याचा कवच-अंक लहान ते आधी. चौथ्याच्या एसची बेरीज ४, तिसऱ्याच्या डीची ५, कोडे सुटले. फ्रान्समधील शार्ल जाने यांनीही १९२९च्या सुमारास हाच क्रम मांडला होता. माडेलुंग यांनी तो आपल्या गणिती साधनांच्या ग्रंथाच्या १९३६च्या आवृत्तीत छापला.

त्या १९३६ च्या आरंभी बॉर्न कोठे होते? बंगळूरात. १९३३ च्या एप्रिलमध्ये हिटलरच्या सरकारने ज्यू म्हणून त्यांस पदावरून दूर केले होते. अणूची पदे कशी भरतात हे ज्यांच्या भोवती उलगडले, त्यांना स्वतःला पद उरले नव्हते. केंब्रिजमध्ये तात्पुरती नेमणूक मिळाली होती, ती संपत आली होती. इकडे १९३३ मध्येच चंद्रशेखर वेंकट रामन विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले होते. जर्मनीतून हाकलली गेलेली उत्तम माणसे बंगळूरात आणावीत, हा त्यांचा विचार. यात परोपकार होता आणि धोरणही होते. एरवी असा माणूस वसाहतीतील संस्थेस कोणत्या पगारावर मिळाला असता? रामन यांच्या निमंत्रणावरून बॉर्न आणि त्यांची पत्नी हेडविग १९३५च्या शरदात येथे आले आणि सुमारे सहा महिने संस्थेच्या आवारात राहिले. बॉर्न यांनी व्याख्याने दिली, तरुण संशोधकांशी काम केले. नागेंद्रनाथ यांच्याबरोबर लिहिलेला त्यांचा एक निबंध रामन यांनी स्थापिलेल्या भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात आहे.

रामन यांना त्यांच्यासाठी गणिती पदार्थविज्ञानाचे कायमचे आसन हवे होते. प्राध्यापकांच्या बैठकीत त्यांनी बॉर्न यांची मुक्तकंठाने स्तुती करून तसा प्रस्ताव मांडला. बॉर्न स्वतः त्या बैठकीस हजर होते. तेव्हा विद्युत अभियांत्रिकीचे इंग्रज प्राध्यापक अॅस्टन उठले. समस्थानिकांच्या शोधाबद्दल गाजलेले केंब्रिजचे अॅस्टन ते हे नव्हेत. बॉर्न यांनी आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे की, स्वदेशातून हाकलला गेलेला दुय्यम दर्जाचा परकीय आपल्या संस्थेस पुरेसा नाही, असे ते गृहस्थ भर सभेत म्हणाले. बॉर्न दांपत्याने त्यांच्याशी आपुलकीचा व्यवहार ठेवला होता, त्यामुळे घाव अधिक खोल गेला. बॉर्न घरी परतले आणि पत्नीजवळ अक्षरशः रडले. त्रेपन्न वर्षांचे वय. पाउली, हायझेनबर्ग आणि हुंड यांस साहाय्यक म्हणून वागविलेला हा माणूस.

केवळ त्या एका भाषणाने काम बिघडले असे मात्र मी म्हणणार नाही. रामन यांच्या कारभाराविरुद्ध संस्थेत आधीच असंतोष होता. इतर विभागांचा पैसा पदार्थविज्ञानाकडे वळतो ही तक्रार होती, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. आपल्या योजनेस सहकाऱ्यांची संमती आधी मिळवावी, फाइल खालून वर चढू द्यावी, हे रामन यांच्या स्वभावात बसणारे नव्हते. १९३६ मध्ये सर जेम्स आयर्विन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती आली आणि १९३७ मध्ये रामन यांस संचालकपद सोडावे लागले. प्राध्यापक म्हणून ते तेथेच राहिले. अॅस्टन यांनी जो शब्द वापरला तो अक्षम्य होता. पण पद निर्माण होण्यापूर्वी माणूस बोलावून त्यास भर बैठकीत बसविणे, हा दोष यजमानाचा होता. बॉर्न यांचा अपमान या दोन्हींच्या मध्ये सापडून झाला.

१९३६च्या वसंतात बॉर्न परत गेले आणि त्याच वर्षी एडिंबरोस त्यांस कायमचे आसन मिळाले. तेथे ते १९५३ पर्यंत राहिले; १९५४ मध्ये नोबेल पारितोषिक आले. अणूच्या रचनेवरचे त्यांचे पाठ्यपुस्तक, ज्यात कवचे भरण्याचा सारा क्रम समजावून सांगितला आहे, बंगळूरास येण्याच्या वर्षीच इंग्रजीत निघाले होते. ते या देशातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी अभ्यासले. रामन आणि बॉर्न यांचे पुढे मात्र जमले नाही. स्फटिकांतील कंपनांविषयी त्यांच्यात १९४०च्या दशकात कडवा वाद झाला, आणि त्यात बॉर्न बरोबर होते. ज्या प्रश्नावर दोघांनी एका आवारात बसून काम करावयाचे, त्यावर ते सुमारे पाच हजार मैलांवरून भांडले.

माडेलुंग यांचा नियम आजही प्रत्येक शाळेत शिकविला जातो. तो मूळ तत्त्वांपासून निखालस सिद्ध झालेला नाही, असे १९६९ मध्ये स्वीडनचे ल्योव्दिन यांनी बजावले होते. व्यवहारात तो चालतो. जेथे अडतो तेथील अपवादांची यादी विद्यार्थी पाठ करतात. सारणी आता ११८ व्या क्रमांकापर्यंत भरली आहे. त्या शेवटच्या द्रव्याला, ओगानेसॉनला, निष्क्रिय वायूंच्याच रकान्यात जागा मिळाली आहे.

ट्रॅव्हर्स दीर्घायुषी ठरला. इंग्लंडमध्ये परतल्यावर त्याने दुर्मीळ वायूंच्या शोधाची हकीकत लिहिली, आणि उतारवयात आपल्या गुरूचे, रॅम्से यांचे, चरित्रही सिद्ध केले. १९६१ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, तो वारला, तेव्हा त्याचा झेनॉन पाठ्यपुस्तकांत अजून कशाशीही संयोग न पावणारा वायू होता. त्याच्या पुढल्याच वर्षी कॅनडात नील बार्टलेट यांनी प्लॅटिनमच्या एका फ्लोराइडाची तांबडी वाफ झेनॉनमध्ये सोडली. काचेच्या नळीत तत्क्षणी पिवळसर नारिंगी घन पदार्थ जमला. 'परका' या नावाच्या वायूने प्रथमच दुसऱ्याशी संयोग केला होता.